मरण, दैव आणि अद्भुत : ‘झिगुरात’ या संगणकीय खेळाचा रूपविचार

१

मराठी समीक्षेत ‘खेळ’ हा शब्द बहुधा रूपक म्हणून येतो. कवितेत शब्दांचा खेळ असतो, कादंबरीत निवेदकाने वाचकाशी मांडलेला खेळ असतो. नाटकाला आणि तमाशाला तर आपण सरळ ‘खेळ’ असेच म्हणतो. मात्र प्रत्यक्ष खेळ, म्हणजे नियमांनी बांधलेली, ठरावीक अवकाशात आणि काळात घडणारी, हार-जीत असलेली कृती, स्वतंत्र कलारूप म्हणून आपल्या समीक्षेच्या कक्षेत फारशी आलेली दिसत नाही. योहान हाइझिंगा यांचा ‘होमो ल्युडेन्स’ १९३८ साली आणि रोजे कायवा यांचा खेळांचे वर्गीकरण करणारा ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला. दोघांनीही संस्कृतीच्या अभ्यासात खेळाला मध्यवर्ती स्थान दिले. पण या विचाराचा उपयोग आपण प्रामुख्याने नाटक, विधी आणि लोककला यांच्या विवेचनासाठी केला. खेळासाठी केला नाही.

संगणकीय खेळांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. त्यांच्याविषयी आपल्याकडे दोनच भाषा प्रचलित आहेत. एक पालकांच्या चिंतेची आणि दुसरी जाहिरातीची. पहिलीत खेळ म्हणजे व्यसन, दुसरीत खेळ म्हणजे उत्पादन. यांतील कोणतीही भाषा एखाद्या विशिष्ट खेळाविषयी, त्याच्या घाटाविषयी आणि त्यातून आकारणाऱ्या अनुभवाविषयी काही सांगू शकत नाही. नाशिकसारख्या शहरात आज वाढणाऱ्या मुलाला अद्भुताचा पहिला अनुभव आजीच्या कहाणीतून किंवा ग्रंथालयातल्या पुस्तकातून मिळेलच असे नाही. तो पडद्यावरच्या एखाद्या खेळातून मिळण्याची शक्यता बरीच आहे. तो अनुभव कोणत्या प्रतीचा असतो, हा प्रश्न साहित्यसमीक्षेने आपला मानायला हवा.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका मर्यादित उदाहरणाच्या आधारे केला आहे. मिल्कस्टोन स्टुडिओज या स्पॅनिश संस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केलेला ‘झिगुरात’ हा तो खेळ. जुन्या धाटणीचा, अद्भुताच्या पार्श्वभूमीवरचा, नेमबाजीचा आणि ‘रोगलाइक’ प्रकारातला असे त्याचे वर्णन केले जाते. या चार विशेषणांपैकी प्रत्येक विशेषण एका रूपविषयक दाव्याचे सूचन करते. ते दावे कितपत सिद्ध होतात, हे प्रथम पाहू. त्यानंतर आपल्या परंपरेतील मोक्षपट आणि पुण्यात तयार झालेला ‘राजी’ हा खेळ यांच्याशी त्याची तुलना करू.

२

‘रोगलाइक’ या संज्ञेतील ‘रोग’ म्हणजे मराठीतली व्याधी नव्हे; इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ भामटा, लुच्चा असा आहे. ‘रोग’ हा खेळ मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात विद्यार्थिदशेत रचला. त्यात चित्रे नव्हती. पडद्यावर अक्षरे होती. नायक एका चिन्हाने आणि राक्षस रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांनी दाखवले जात. तळघरांच्या चक्रव्यूहात खोल उतरून एक ताईत मिळवायचा आणि परत वर यायचे, एवढीच कथा. या साध्या रचनेत दोन गोष्टी निर्णायक होत्या. प्रत्येक वेळी तळघराची मांडणी संगणक नव्याने करीत असे, आणि नायक मेला की खेळ पहिल्यापासून सुरू होई. २००८ साली बर्लिन येथे या प्रकारच्या खेळकर्त्यांची परिषद भरली. तिथे या प्रकाराची जी लक्षणे नोंदवली गेली, त्यांत यादृच्छिक मांडणी आणि अंतिम मरण ही दोन लक्षणे अग्रभागी होती.

दुसरी वंशावळ नेमबाजीच्या खेळांची आहे. १९९३ साली ‘डूम’ आला आणि त्याच यंत्रणेवर रेव्हन सॉफ्टवेअरने १९९४ साली ‘हेरेटिक’ रचला. त्यात बंदुकीच्या जागी जादूची छडी आली, अवकाशतळांच्या जागी शापित नगरे आली. ‘झिगुरात’ हा या दोन घराण्यांचा संकर आहे. खेळणारा एका गूढ पंथाचा नवदीक्षित जादूगार असतो. झिगुरात नावाच्या वास्तूत शिरून पाच मजले पार करणे ही त्याची दीक्षापरीक्षा असते. दालनात शिरताच दारे मिटतात आणि आतले सर्व शत्रू संपल्याशिवाय ती उघडत नाहीत. मजल्यावर कुठेतरी दडलेली किल्ली शोधायची, रक्षक राक्षसाशी झुंजायचे आणि पुढचा मजला गाठायचा. वाटेत मरण आले तर पुन्हा पहिला मजला, पुन्हा नवी मांडणी.

येथे ‘जुनी धाटणी’ या विशेषणाचा विचार करणे आवश्यक आहे. अलीकडच्या पुष्कळ खेळांत जुनेपणा म्हणजे ठळक चौकोनी ठिपक्यांची चित्रे, एवढाच अर्थ उरला आहे. यंत्राच्या मर्यादेतून एकेकाळी जे रूप सक्तीने आले, तेच मर्यादा संपल्यावर शैली म्हणून स्वीकारले जाते. ही प्रवृत्ती संगणकयुगाचीच आहे असे समजण्याचे कारण नाही. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांमध्ये, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, अठराव्या क्रमांकाचे चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी कमानीत लाकडी बांधणीची रूपे खडकात कोरलेली आहेत. खडकात खोदलेल्या वास्तूला तुळया-वाशांचा आधार लागत नाही. तरीही कारागिरांनी तो आकार ठेवला. लाकडी चैत्यात बसण्याची सवय असलेल्या डोळ्याला त्या आकारामुळेच ही जागा पूजास्थान म्हणून ओळखता येत असली पाहिजे. जुने रूप जेव्हा अशी ओळख घडवण्याचे कार्य करते तेव्हा ते अनुकरण राहत नाही, रचनेचा भाग होते. जेव्हा ते केवळ गतकालाची हळहळ जागवते तेव्हा ती सजावट ठरते.

या निकषावर ‘झिगुरात’ बऱ्याच अंशी उतरतो. त्याची चित्रे जुनी दिसत नाहीत. त्याची चाल जुनी आहे. नायकाची धाव अतिशय वेगवान आहे, आडोशाला लपून नेम धरण्याची सोय नाही, सतत हलत राहणे हाच बचाव आहे. कथानकासाठी खेळ थांबवून ठेवणारी दृश्ये जवळजवळ नाहीत. नंतरच्या काळात नेमबाजीच्या खेळांनी चित्रपटाचे अनुकरण करताना ज्या गोष्टी गमावल्या, त्या येथे परत मिळवल्या आहेत. जुनेपणा येथे दिसण्यापेक्षा हातांच्या लयीत आहे, आणि ही या खेळाची पहिली जमेची बाजू म्हणावी लागेल.

३

लयीचा उल्लेख आला, तेव्हा बा. सी. मर्ढेकर यांच्या लयतत्त्वांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली. त्यांच्या सिद्धान्तावर मराठीत पुष्कळ आक्षेप घेतले गेले. साहित्याच्या आशयाला तो पुरा पडत नाही, हा त्यांतील मुख्य आक्षेप होय. पण जिथे संवेदनांची गुंफणच अनुभवाचा मोठा भाग असते अशा कलारूपात ही तत्त्वे वर्णनासाठी उपयोगी पडतात.

‘झिगुरात’मध्ये खेळणाऱ्याजवळ चार प्रकारची आयुधे असतात. मूळची छडी कधीच पूर्ण निकामी होत नाही, कारण तिची शक्ती आपोआप भरून येते. पण ती दुबळी आहे. मंत्रग्रंथ, दंड आणि रासायनिक अस्त्रे ही इतर तीन प्रकारची आयुधे प्रभावी आहेत. मात्र प्रत्येकाची शक्ती वेगळ्या रंगाची असते आणि ती मारलेल्या शत्रूंकडून गोळा करावी लागते. परिणामी कोणतेही एक आवडते आयुध धरून बसता येत नाही. एक संपले की दुसरे, दुसरे संपले की तिसरे, आणि सारे संपले की पुन्हा छडी. एकाच आयुधाने साधलेल्या संवादाचा भंग होऊन विरोध येतो आणि थोड्याच वेळात नव्या समतोलाचा शोध घ्यावा लागतो. दालनांच्या बाबतीतही असेच घडते. काही दालनांत शिरताना एखादा नियमच बदलल्याचे घोषित होते. शत्रू आकाराने वाढतात किंवा त्यांचा वेग वाढतो. चार दालनांत बसलेली घडी पाचव्यात मोडते. रचनेच्या दृष्टीने हा या खेळाचा सर्वांत भक्कम भाग आहे.

निवडीची योजनाही विचारपूर्वक केलेली आहे. शत्रू मेले की ज्ञानाचे स्फटिक पडतात. पुरेसे जमले की नायकाची पातळी वाढते आणि दोन पत्ते समोर येतात. दोन्ही हितकारक असतात, पण घेता येतो एकच. पंचवीस-तीस पत्त्यांतून मनाजोगता पत्ता निवडण्याची मुभा असती, तर प्रत्येक वेळी एकच हुकमी मार्ग अवलंबला गेला असता. दोनांतून एक निवडायचा म्हटल्यावर खेळणाऱ्याला आपली योजना दैवाने दिलेल्या सामग्रीभोवती बांधावी लागते. कायवा यांनी खेळांचे जे चार मूलप्रकार सांगितले, त्यांना मराठीत स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ असे म्हणता येईल. चारही एकत्र असणारा खेळ विरळा. ‘झिगुरात’मध्ये ते आहेत, आणि त्यांतील दैव व स्पर्धा यांचा सांधा या दोन पत्त्यांच्या योजनेने फार चांगला जुळला आहे. वाटेत भेटणाऱ्या देवस्थानांत मात्र हा सांधा सुटतो. तिथे नायकाने आपले आरोग्य, शक्ती किंवा ज्ञान यांतील काही अर्पण करायचे असते. देव प्रसन्न झाला तर वर, रुष्ट झाला तर शाप. आपण काय केले म्हणून देव रुष्ट झाला, हे कळण्याचा मार्ग नाही. येथे निवड संपते आणि निव्वळ सोडत उरते. तिला बलिदानाचे नाव दिल्याने तिचे स्वरूप बदलत नाही.

४

आता मरणाकडे वळू. कथात्म साहित्यात नायकाचे मरण ही एकदाच घडणारी आणि म्हणूनच मागील सर्व घटनांना अर्थ देणारी घटना असते. रोगलाइक खेळात मरण हा विरामचिन्हासारखा नियमित येणारा घटक आहे. खेळणारा दहा, वीस, पन्नास वेळा मरतो. साहित्यसमीक्षक येथे सहजच म्हणेल की मरण स्वस्त झाले. पण हा निष्कर्ष घाईचा ठरेल. नेहमीच्या खेळात मरण आले तर थोडे मागे जाऊन तोच प्रसंग पुन्हा खेळता येतो. तिथे मरण खरोखरच स्वस्त असते, कारण ते पुसून टाकता येते. रोगलाइकमध्ये मेलेला नायक परत येत नाही. ती मांडणी, ती जमवलेली आयुधे, ते निवडलेले पत्ते यांचा तो विशिष्ट मेळ पुन्हा कधीच होणार नसतो. प्रत्येक खेप एका अर्थाने स्वतंत्र आयुष्य असते. चौथ्या मजल्यावर थोडे आरोग्य उरलेले असताना दार उघडण्यापूर्वी हात थबकतो. हा क्षण ज्या ताणाने भरलेला असतो तो ताण मरणाच्या अंतिमतेतून येतो.

‘झिगुरात’ मात्र ही अंतिमता पूर्णपणे पाळत नाही. नायक मेला तरी त्याने केलेल्या पराक्रमामुळे नवी आयुधे, नवे पत्ते आणि नवी पात्रे यांची दारे उघडतात आणि ती पुढच्या खेपांसाठी उघडीच राहतात. मूळच्या ‘रोग’मध्ये एका खेपेतून दुसऱ्या खेपेत फक्त खेळणाऱ्याचे शहाणपण जात असे. येथे शहाणपणाबरोबर मालमत्ताही जाते. आपल्या कर्मविचारातील परिभाषा येथे उपयोगी पडावी. उघडलेल्या पत्त्यांचा साठा हे संचित, त्यातून या खेपेला वाट्याला आलेली मांडणी हे प्रारब्ध, आणि दालनात प्रत्यक्ष केलेली हालचाल हे क्रियमाण. साम्य इतके पुरेपूर आहे की फरक नजरेआड होण्याची भीती वाटते. कर्मविचारात संचित हे बंधन आहे. ज्ञानाने ते जाळायचे असते. खेळात संचित ही ठेव आहे. ती वाढवत न्यायची असते. मरणाची भरपाई म्हणून काहीतरी हाती पडलेच पाहिजे, या आग्रहातून ही व्यवस्था आली आहे. अपयशाला सामोरे जाण्याचे जे कठोर शिक्षण हा खेळप्रकार देऊ शकतो, त्याची धार त्यामुळे बोथट होते. ‘मी मेलो’ या अनुभवाच्या पाठोपाठ ‘मला काय मिळाले’ हा हिशेब येतो.

याहून महत्त्वाची बाब अशी की इतक्या मरणांत शोक कुठेच नाही. नवदीक्षित मेला याची त्या पंथाला खंत नाही, खेळाला नाही आणि खेळणाऱ्यालाही नाही. आपण ज्याच्या डोळ्यांनी पाहत होतो त्याची भीती, त्याचे कुणी मागे उरलेले माणूस यांपैकी काहीही आपल्याला ठाऊक नसते. त्या पंथाचा आणि वास्तूचा इतिहास थोडक्या मजकुराच्या तुकड्यांतून सांगितला जातो. तो न वाचताही खेळ पुरा करता येतो, आणि त्याने काही बिघडत नाही, हेच त्या मजकुराविषयीचे पुरेसे भाष्य आहे.

५

अद्भुताचा प्रश्न येथून उद्भवतो. भरताच्या रसविचारात अद्भुताचा स्थायिभाव विस्मय आहे. विस्मयाचे वैशिष्ट्य असे की तो पुनरावृत्तीने क्षीण होतो. हा पेच केवळ संगणकीय खेळांपुढचा नाही. ‘मुक्तामाला’ (१८६१) पासून सुरू झालेल्या मराठीतील अद्भुतरम्य कादंबरीचीही हीच अडचण होती. संकटे, सुटका, योगायोग यांची साखळी वाढत गेली की विस्मय थकतो आणि वाचक पुढचा योगायोग आधीच ओळखू लागतो. मौखिक परंपरेने या पेचातून वेगळी वाट काढली. श्रावणातली कहाणी दर वर्षी तीच असते, ऐकणाऱ्यांना ती पाठ असते. तरी ती नीरस होत नाही, कारण तिच्यातला विस्मय घटनेच्या नवेपणावर अवलंबून नसून व्रताच्या, ऋतूच्या आणि घरातल्या माणसांच्या संदर्भात तो दर वर्षी नव्याने स्थापित होतो. कीर्तनातले आख्यान सर्वांना ठाऊक असते; श्रोता निरूपणासाठी बसतो.

‘झिगुरात’ पुनरावृत्तीचा पेच संगणकाच्या यादृच्छिक मांडणीने सोडवू पाहतो. प्रत्येक खेपेला मजल्याचा नकाशा नवा असतो, हे खरे. पण नकाशा ज्या दालनांनी बनतो ती दालने मोजकी आहेत. काही तासांनंतर खेळणारा दारातूनच ओळखतो की हे खांबांचे दालन, हे कड्यांचे, हे सापळ्यांचे. रक्षक राक्षसांचेही तसेच होते. मांडणीत नावीन्य असते, घटकांत नसते. आणि विस्मय घटकांतून येतो. पहिल्या काही खेपांत अंगावर धावून येणारी खुनशी गाजरे पाहून खेळणारा चकित होतो आणि हसतोही. अद्भुत आणि हास्य यांचे ते मिश्रण खरोखर मजेदार आहे. विसाव्या खेपेला ती गाजरे म्हणजे अमुक इतका धोका आणि अमुक इतकी शक्ती, एवढाच हिशेब राहतो. विस्मयाची जागा कौशल्याच्या समाधानाने घेतलेली असते. रसाच्या भाषेत सांगायचे तर हा खेळ अद्भुतात सुरू होतो आणि वीरात, म्हणजे उत्साहात, स्थिरावतो. हे स्थित्यंतर दोषास्पद आहे असे नाही. वीररसाची निर्मिती तो निश्चितपणे करतो. पण मग अद्भुताचा पोशाख कशासाठी, हा प्रश्न शिल्लक राहतो. छडीच्या जागी बंदूक आणि राक्षसाच्या जागी यंत्रमानव ठेवला तर नियमांत काहीही बदल करावा लागणार नाही.

नावाची परीक्षा केली तर ही फारकत अधिक स्पष्ट होते. मेसोपोटेमियातील झिगुरात ही पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी विटांची भक्कम रास होती. इ.स.पूर्व एकविसाव्या शतकातील उर येथील प्रसिद्ध झिगुराताचा गाभा भरीव आहे; तिच्या आत दालने नव्हती. बाहेरच्या जिन्यांनी माणसे वर जात आणि माथ्यावरच्या देवस्थानाशी पोचत. म्हणजे झिगुरात ही शिरण्याची वास्तू नव्हती, चढण्याची होती. खेळाने तिला पोखरून भुलभुलैया बनवले. कल्पिताला असे करण्याचा अधिकार आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण या बदलातून नवा अर्थ निर्माण व्हायला हवा होता. देवाकडे नेणारा जिना आतून पोकळ निघाला, या कल्पनेत केवढी तरी भयाची शक्यता होती. खेळाला त्या शक्यतेचा पत्ताच नाही. प्राचीनतेचा एक नाद असलेला शब्द त्याला हवा होता. तो मिळाला आणि पुरेसा वाटला.

६

रूप आणि आशय यांची ही फारकत खेळ या माध्यमाला अटळ आहे काय? आपल्या परंपरेतील मोक्षपट या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देतो. सापशिडीचा हा पूर्वज भारतात ज्ञानचौपड, ज्ञानबाजी अशा नावांनी अनेक प्रांतांत खेळला जात होता. वैष्णव पट बहुधा ७२ घरांचे, जैन पट ८४ घरांचे. मराठी मोक्षपटाचे कर्तृत्व परंपरा ज्ञानदेवांकडे देते. ऐतिहासिक निर्णय काहीही असो, त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या परिसरात वाट चुकलेल्या निवृत्तिनाथांना गुहेत गहिनीनाथ भेटले अशी कथा ज्या संप्रदायाने जपली, त्याच संप्रदायाला चुकण्याचा आणि पोचण्याचा खेळ आपला वाटावा, यात एक संगती आहे.

मोक्षपटाचे रूपवैशिष्ट्य असे की त्यात प्रत्येक घराला नाव आहे. दुर्गुणाच्या घरात सापाचे तोंड आणि खालच्या अवस्थेत त्याचे शेपूट. सद्गुणाच्या घरात शिडीचा पाया आणि वरच्या लोकात तिचे टोक. पडणे म्हणजे अमुक एका विकारामुळे अमुक एका अवस्थेला जाणे. कथा वेगळी सांगावी लागत नाही. सोंगटी सरकते तेव्हाच ती घडते. आशय नियमातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडात गेला आणि पुढे घरांची नावे गळून फक्त आकडे राहिले. आज मुलांच्या हाती असलेली सापशिडी ती हीच. नियम तसाच राहिला, पण पडण्याला अर्थ उरला नाही. ‘झिगुरात’ची स्थिती या दुसऱ्या सापशिडीसारखी आहे. तिच्या घरांवर राक्षसांची आणि देवांची चित्रे आहेत, नावे नाहीत.

मोक्षपटाचा गौरव करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यात खेळणाऱ्याला निवड नाही. कवड्या जे दान देतील ते घ्यायचे. क्रोधाच्या घरात पडणारा क्रोधी असतोच असे नाही. त्याचे दान तसे पडलेले असते. नीतीचा पाठ देणाऱ्या खेळात नैतिक निर्णयाला जागा नसावी, हा अंतर्विरोध आहे. ‘कर्माची गती गहन’ असे म्हणून तो सावरता येईल. परंतु खेळाच्या अंगाने ती उणीवच राहते. नेमकी ही उणीव रोगलाइक प्रकार भरून काढतो. दैवाने दिलेल्या दोन पत्त्यांतून एक निवडण्याचे उत्तरदायित्व तो खेळणाऱ्यावर टाकतो. म्हणजे मोक्षपटात अर्थ आहे पण निवड नाही, आणि ‘झिगुरात’मध्ये निवड आहे पण तिला अर्थ नाही. दोहोंच्या शेवटातही असाच भेद आहे. मोक्षपटाचा शेवट खेळातून सुटण्यात होतो. वैकुंठाला पोचलेली सोंगटी परत येत नाही. ‘झिगुरात’चा पाचवा मजला जिंकला की अधिक अवघड पातळीचे आमंत्रण मिळते. सुटका हे त्याचे ध्येयच नाही. गुंतलेले राहणे हे आहे.

७

येथे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने रचलेल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) चा विचार करणे इष्ट होईल. तो रोगलाइक नाही. त्याचा मार्ग आखलेला आणि एकच आहे. पण भारतीय आशयाचा अद्भुत खेळ रचण्याचा तो महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा प्रयत्न आहे, आणि त्याला आंतरराष्ट्रीय पातळीवर दखल व नामांकनेही मिळाली. राजी ही कसरतीच्या खेळांत वाढलेली मुलगी. असुर तिच्या गोलू या धाकट्या भावाला पळवतात आणि ती दुर्गेच्या त्रिशूळासह त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू हे वरून तिच्याकडे पाहत तिची कथा आपसांत बोलतात. राजस्थानी वास्तुशैली, पहाडी चित्रशैलीचे संस्कार, छायाबाहुल्यांच्या पद्धतीने उलगडणारे प्रसंग आणि भिंतींवरील पुराणकथांची चित्रे यांनी हे जग समृद्ध केले आहे.

‘झिगुरात’मध्ये जे नाही ते सारे येथे आहे. नायिकेला मागे उरलेले माणूस आहे, शोक आहे. कसरतपटूची मुलगी खांबांना झोके घेत, भिंतींवरून धावत लढते, तेव्हा तिचे पूर्वायुष्य तिच्या हालचालींत उतरते. आशय नियमात उतरल्याचे हे सुंदर उदाहरण आहे. पण असे क्षण मोजके आहेत. पुराणकथा बहुतांशी भिंतीवर रंगवलेली आणि निवेदनात सांगितलेली राहते. खेळणारी व्यक्ती ती पाहते, ऐकते आणि पुढे जाऊन त्याच प्रकारच्या चकमकी लढते. दुर्गेचे वरदान त्रिशूळाचा प्रहार अधिक तीव्र करते, एवढेच. दुर्गेची कृपा म्हणजे काय, हा प्रश्न नियमांच्या पातळीवर विचारला जात नाही. शेवटही एकाएकी येतो आणि ज्या शोधासाठी सारी धडपड केली त्याची परिणती होत नाही. ‘झिगुरात’मध्ये घाट भरीव आणि आशय पोकळ आहे. ‘राजी’मध्ये आशयाची सामग्री विपुल आहे आणि तिला पेलणारा घाट अपुरा आहे.

या तुलनेतून एक निकष हाती येतो. खेळाची थोरवी त्याच्या चित्रांत, पुराणसंदर्भांत किंवा कथासूत्रात शोधू नये. नियम पाळताना खेळणाऱ्याला जे करावे लागते, त्या करण्यातून कोणता अर्थ घडतो, हे पाहावे. त्या अर्थाने ‘झिगुरात’ हा उत्तम कारागिरीचा, मध्यम कलात्मकतेचा खेळ आहे. त्याची लय, त्याची दोन पत्त्यांची योजना आणि मरणाच्या दारात निर्माण होणारा ताण ही त्याची खरी मिळकत आहे. मोजक्या दालनांची पुनरावृत्ती, संचिताची सोय, सोडतीला दिलेले बलिदानाचे नाव आणि उसन्या नावाने झाकलेले निरर्थक जग या त्याच्या उणिवा आहेत. यांतल्या पहिल्या उणिवेवर अधिक दालने रचून उपाय करता येईल. बाकीच्या उणिवा कल्पनाशक्तीच्या आहेत.

हा निकष आपल्याकडील खेळकर्त्यांनाही लागू पडतो. आपल्या खेळात देवीदेवता, गड आणि लेणी आली म्हणजे तो आपला झाला, असा समज दृढ होण्याचा धोका आहे. त्रिरश्मीच्या कारागिरांनी लाकडाचा आकार खडकात आणला तो पूजास्थानाची ओळख टिकावी म्हणून. मोक्षपटाच्या कर्त्याने पडण्याला नाव दिले ते पडण्याचा अर्थ लागावा म्हणून. दैवाने दिलेले दान, त्यातून केलेली निवड आणि तिचे भोगावे लागणारे फळ या तिन्ही गोष्टी रोगलाइक प्रकारात आयत्याच उपलब्ध आहेत, आणि नेमक्या याच तीन गोष्टींवर आपल्या संतांनी आणि शास्त्रकारांनी शतकानुशतके विचार केला आहे. तो विचार घरांची नावे म्हणून नव्हे, तर घरांमधले नियम म्हणून मांडणारा खेळ मराठीत रचला जाईल, तेव्हा समीक्षेलाही त्याच्याशी बोलण्यासाठी भाषा तयार ठेवावी लागेल. ती भाषा घडवण्याचे काम असा खेळ येण्याची वाट न पाहता आताच सुरू करायला हरकत नाही.